फॉन्ट टॅग आणि त्यानंतर: वेबरचना शिकवण्याच्या तीस वर्षांविषयी

अभ्यासक्रमाची फेररचना हा साहित्याच्या अध्यापकांना चांगलाच परिचित असलेला वाद आहे. कोणती कादंबरी काढावी, कोणता कवी लावावा, दलित आणि ग्रामीण साहित्याला किती गुण द्यावेत, यावर अभ्यासमंडळांत पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली आहेत. मात्र या भांडणात एक दिलासा गृहीत असतो. काढलेली कादंबरी जिथल्या तिथे राहते. वीस वर्षांनी ती पुन्हा लावली तरी तिची पाने तीच असतात. वेबपृष्ठे कशी रचावीत हे शिकवणाऱ्या अध्यापकाला हा दिलासा नाही. त्याने पाठ्यपुस्तक निवडावे, ते छापून यावे, विद्यार्थ्यांच्या हाती पडावे, आणि तोवर त्यातले व्यवहाराचे नियम बदललेले असावेत, असे गेल्या तीस वर्षांत वारंवार घडले आहे. या घडामोडींचा इतिहास संगणकशास्त्राच्या विभागांबाहेर फारसा सांगितला जात नाही. तो साहित्याच्या वाचकांसमोर ठेवण्याचे आमचे कारण असे की, त्याच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न आपल्याच घरचा आहे: आशय आणि त्याचे बाह्य रूप यांचा संबंध काय?

टिम बर्नर्स-ली याने जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये एचटीएमएल या खुणांच्या भाषेचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात दीड डझनाच्या आसपास खुणा होत्या. शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा अशा या खुणा मजकुराचा एखादा भाग कोण आहे एवढेच सांगत. तो कसा दिसावा याविषयी जवळजवळ काहीच बोलत नसत. संहिता-संपादकाला ही वृत्ती ओळखीची वाटेल. हस्तलिखितात ओवी कुठे संपते हे नोंदवणे वेगळे आणि ती लाल शाईत लिहिणे वेगळे. पण वेब प्रयोगशाळेतून बाजारात आली आणि लोकांना लाल शाई हवीशी झाली. नेटस्केपने आपल्या ब्राउझरात अक्षराचा रंग, आकार आणि वळण ठरवणाऱ्या खुणा आणल्या. आकडेवारीसाठी बनवलेल्या टेबलाचा, म्हणजे तक्त्याच्या खुणेचा, उपयोग पानाची मांडणी करण्यासाठी होऊ लागला. डेव्हिड सीगल याच्या ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ या १९९६ च्या पुस्तकाने ही युक्ती जगभर शिकवली. अदृश्य तक्ते करावेत, रिकाम्या जागा भरण्यासाठी एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र ताणून बसवावे, म्हणजे छापील मासिकासारखे पान साधते. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, सीगलने जाहीर लेख लिहून आपणच वेब बिघडवली अशी कबुली दिली. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने वर्षभरात आपल्या पद्धतीविरुद्ध उभे राहावे, असे साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पण पुस्तक तोवर वर्गांत पोहोचले होते आणि वर्गांत लेख पोहोचत नाहीत.

पर्याय तर आधीच मांडला गेला होता. होकुन विउम ली याने ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्नमध्येच असताना, रूपाचे नियम मजकुरापासून वेगळ्या यादीत लिहावेत असा प्रस्ताव दिला होता. त्यातून झालेल्या सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झाली. वर्षभराने, डिसेंबर १९९७ मध्ये, एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीने फॉन्ट टॅगला ‘टाळावे’ अशा वर्गात टाकले. कागदावर प्रश्न सुटला होता. व्यवहारात मात्र ब्राउझर हे नियम आपापल्या परीने, आणि बरेचदा चुकीचे, पाळत होते. २००१ मध्ये आलेला इंटरनेट एक्सप्लोररचा सहावा अवतार पाच वर्षे तसाच पडून होता. सातवा २००६ च्या अखेरीस आला. या काळात तक्त्यांनी मांडणी शिकवणाऱ्या अध्यापकाला आज अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. त्याच्या विद्यार्थ्याला उद्या नोकरीत जे पान करायचे होते, ते तक्त्यांनीच सर्व ब्राउझरांत नीट दिसत होते.

या कोंडीतून अध्यापनाला बाहेर काढण्यात एका संकेतस्थळाचा वाटा फार मोठा आहे. डेव्ह शे याने २००३ मध्ये ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केले. त्यावर मजकुराचे एकच एचटीएमएल पान होते. त्यातला एक शब्दही न बदलता, केवळ नियमांची यादी बदलून, जगभरच्या रचनाकारांनी त्याला नवनवी रूपे द्यायची होती. एकच संहिता कधी जपानी बागेसारखी शांत, कधी जुन्या जाहिरातीसारखी भडक दिसे. तत्त्व सांगणारी डझनभर व्याख्याने जे करू शकली नसती, ते या प्रात्यक्षिकाने केले.

इथे आमच्यासारख्या साहित्याच्या माणसांना थोडे थबकावे लागते. आशय आणि अभिव्यक्ती यांचे द्वैत मानावे की अद्वैत, यावर मर्ढेकरांपासून मराठी समीक्षेने पुष्कळ शाई खर्च केली आहे, आणि कवितेच्या बाबतीत बहुतेकांचा कल अद्वैताकडे राहिला आहे. मग वेबवाल्यांचे हे ठाम द्वैत भाबडे म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. झेन गार्डनच्या एचटीएमएलमध्येही रचनाकारांना नियम टांगता यावेत म्हणून काही रिकाम्या खुणा आधीच पेरून ठेवल्या होत्या. म्हणजे संहिता आपल्या भावी रूपांची चाहूल घेऊनच लिहिली होती. विभागणी पूर्ण नव्हती. पण ती उपयोगी होती. अंध वाचकाला पान वाचून दाखवणाऱ्या यंत्राला शीर्षक कुठले आणि परिच्छेद कुठला हे कळणे आवश्यक असते. मोठे, जाड अक्षर त्याला दिसत नाही. वेब सर्वांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि त्यांचा पाया हाच होता. काव्यशास्त्रातले द्वैत आणि हे द्वैत एकच समजण्याची चूक दोन्हीकडच्या अध्यापकांनी टाळावी.

मराठीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न इतर कुठल्याही चर्चेपेक्षा तीव्र होता, आणि त्याची नोंद वेबरचनेच्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नाही. म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

युनिकोडच्या पहिल्या, १९९१ च्या आवृत्तीतच देवनागरी होती. तिची मांडणी भारतीय प्रमाण असलेल्या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. पण सामान्य माणसाच्या संगणकावर ती दिसू लागायला विंडोज २००० आणि त्यानंतरचा एक्सपी यावे लागले. मधल्या काळात वेबवरचे मराठी ‘शिवाजी’, ‘शुषा’, ‘किरण’ यांसारख्या फॉन्टांत लिहिले जाई. या फॉन्टांची युक्ती अशी की, संगणकाच्या दृष्टीने अक्षर रोमनच राही. फक्त त्या रोमन अक्षराच्या जागी ‘क’ चा किंवा वेलांटीचा आकार कोरलेला असे. अशा पानावर फॉन्ट टॅग ही सजावट राहत नाही. तोच भाषेचा आधार होतो. तो काढा, आणि ज्ञानेश्वरीवरचा लेख रोमन अक्षरांचा अर्थहीन खच होऊन पडतो. पानात शोध घेता येत नाही, कारण शोधायला मराठी शब्दच तिथे नसतो. एका फॉन्टातला ‘क’ दुसऱ्या फॉन्टात उघडला की भलतेच काहीतरी दिसते.

परिस्थितीचा पेच आता लक्षात यावा. १९९७ मध्ये प्रमाणकर्त्यांनी फॉन्ट टॅग टाळा असे सांगितले. त्याच सुमाराला मराठी पान करायचे तर फॉन्ट टॅगवाचून गत्यंतर नव्हते. जगाच्या दृष्टीने जे वाईट वळण, तेच मराठीसाठी अस्तित्वाचे साधन होते. आशय आणि अभिव्यक्ती यांचे इतके शब्दशः अद्वैत कुठल्याही कवीला साधले नसेल, आणि ते किती घातक असते हेही इतक्या शब्दशः कुणाला कळले नसेल. ‘मायबोली’सारखे संकेतस्थळ १९९६ पासून चालू होते, मराठी विकिपीडिया २००३ मध्ये युनिकोडावर सुरू झाला, आणि त्या दशकात मराठी वेब हळूहळू खऱ्या अक्षरांत आली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक नीट उमटावा यासाठीही तज्ज्ञांना झगडावे लागले. त्या काळात महाराष्ट्रात वेबरचना शिकलेल्या विद्यार्थ्याला यातले काय सांगितले गेले? आमच्या पाहण्यातल्या परीक्षोपयोगी मार्गदर्शिकांत फॉन्ट टॅगचे तीन गुणधर्म पाठ करायला होते. पानाची भाषा मराठी आहे हे यंत्राला सांगणारा गुणधर्म, जो एचटीएमएलच्या त्याच चौथ्या आवृत्तीत होता, त्यांपैकी एकीतही नव्हता. अभ्यासक्रम जुना असणे ही एक गोष्ट झाली. तो विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेकडे पाहत नाही, ही आमच्या मते अधिक गंभीर.

अभ्यासक्रम मागे का राहतो, याचे नेहमीचे उत्तर अध्यापकांचा आळस असे दिले जाते. ते आम्हांला पटत नाही. यंत्रणाच पाहावी. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ पदविकेच्या अभ्यासक्रमांना अक्षरांची नावे देते. २०१७ च्या सुमाराची ‘आय’ योजना, २०२३ पासूनची ‘के’ योजना. योजना पाच-सहा वर्षे चालते, कारण तिच्यामागे पुस्तके छापणे, प्रश्नपेढ्या, प्रात्यक्षिकांच्या वह्या, बाह्य परीक्षक आणि नापास विद्यार्थ्यांच्या फेरपरीक्षा असा मोठा संसार असतो. ‘आय’ योजनेत एका विषयाचे नाव ‘क्लायंट साइड स्क्रिप्टिंग लँग्वेज’ असे होते; शिकवायची ती जावास्क्रिप्ट, पण नावात भाषेचे नाव नाही. दुसऱ्या विषयाच्या नावात मात्र पीएचपी स्पष्ट होती. पहिले नाव ठेवणाऱ्याला भाषा बदलतात याची जाणीव असावी, अशी कल्पना करायला आम्हांला आवडते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. वेब मागचे काही मोडत नाही. १९९५ च्या पद्धतीने लिहिलेले पान आजच्या ब्राउझरातही उघडते. फॉन्ट टॅग आजही चालतो. सरकते अक्षर दाखवणारा मार्की टॅग, जो मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरात आणला आणि प्रमाणकर्त्यांनी कधीच पसंत केला नाही, तोही आज मुकाट्याने सरकतो. म्हणजे प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मुलीने जुने लिहिले तरी पडद्यावर उत्तर बरोबर दिसते, परीक्षक सही करतो, आणि काही चुकले आहे याची सूचना कुणालाच मिळत नाही. याला समांतर म्हणून टर्बो सीची आठवण काढता येईल. १९९० च्या आसपासचे ते निळ्या पडद्याचे साधन आपल्याकडच्या महाविद्यालयांत पुढची दोन दशके टिकले. सी प्लस प्लसचे प्रमाण १९९८ मध्ये ठरले आणि त्याने आरंभीच्या ओळीसुद्धा बदलल्या. आपल्या प्रयोगशाळांत जुन्याच ओळी लिहिल्या जात राहिल्या. कारण तेच: जुन्या साधनात जुने चालत होते. जो अभ्यासक्रम मोडतो तो दुरुस्त होतो. जो नुसता शिळा होतो तो चालू राहतो.

मोडण्याचे उदाहरण फ्लॅशचे. वेबवरच्या हलत्या चित्रांचे हे साधन शिकवणारे वर्ग २००० च्या दशकात आपल्या शहरांत जागोजाग होते आणि त्यांचे शुल्क मध्यमवर्गीय घराला जाणवण्याइतके होते. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जने ॲपलच्या हातातल्या उपकरणांत फ्लॅश का नको याचे जाहीर निवेदन काढले. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने त्याचा आधार काढून घेतला. त्या विद्येला मृत्यूची तारीख आहे. चलच्चित्राची जाण, वेळेचे भान या गोष्टी ज्यांना तिथे शिकवल्या गेल्या त्यांचे काही शिल्लक राहिले. ज्यांना फक्त मेनूतले पर्याय शिकवले गेले त्यांचे शुल्क वाया गेले.

तत्पर अध्यापकांचीही फसगत झाली, हे सांगितले पाहिजे. जानेवारी २००० मध्ये एक्सएचटीएमएल आली. प्रत्येक खूण बंद झाली पाहिजे, सारी अक्षरे लहान लिपीत, अशी तिची कडक शिस्त होती, आणि जगभरच्या जागरूक शिक्षकांनी ती आनंदाने स्वीकारली. तिचा दुसरा अवतार येणार म्हणून वाट पाहिली. २००९ मध्ये ते कामच थांबवण्यात आले. २००४ पासून ब्राउझर बनवणाऱ्यांचा एक वेगळा गट जुन्या, सैल एचटीएमएललाच पुढे नेत होता. त्याची पाचवी आवृत्ती ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत झाली. ज्यांनी अभ्यासक्रम बदललाच नव्हता, त्यांना काही बदलावे लागले नाही.

संघटित प्रयत्न झाले ते याच दशकाच्या अखेरीस. ऑपेरा या नॉर्वेतल्या ब्राउझर कंपनीने २००८ मध्ये संपूर्ण वेबरचनेचा अभ्यासक्रम मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला; १९९४ चा तो प्रस्ताव मांडणारा विउम ली तेव्हा त्याच कंपनीत तंत्रप्रमुख होता. वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट या स्वयंसेवी गटाने २००९ मध्ये ‘इंटरॲक्ट’ नावाचा आराखडा शाळा-महाविद्यालयांसाठी दिला. दोन्ही कामे मनःपूर्वक होती. दोन्हींची तीच अडचण झाली: लिहिणारे थकले किंवा दुसरीकडे गेले, आणि पाने जुनी होत गेली. चिरतरुण अभ्यासक्रम लिहिता येतो हा समज सोडून, त्याची रोज मशागत करणारी माणसे हवीत हे जे समजले, ते टिकले. ‘ओडिन प्रोजेक्ट’ (२०१३) आणि ‘फ्री कोड कॅम्प’ (२०१४) यांचे धडे शिकणारेच दुरुस्त करतात. हस्तलिखिताची प्रत करणाऱ्याने समासात दुरुस्ती नोंदवावी आणि पुढच्या प्रतीत ती आत जावी, तसे हे चालते.

यानंतर रोगाची दिशा उलटली. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट याने, पान पुन्हा न मागवता त्यातला मजकूर बदलण्याच्या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. २००६ मध्ये जेक्वेरी, २००९ मध्ये नोड, २०१३ मध्ये रिॲक्ट. आता शिकवणीचे मुख्य स्थान ध्वनिचित्रफितींचे आंतरजालीय वर्ग झाले आणि त्यांना शिळेपणाऐवजी अतिताजेपणाची बाधा झाली. अँग्युलरचा दुसरा अवतार सप्टेंबर २०१६ मध्ये आला आणि पहिल्यावर लिहिलेले काही त्यात चालेना. नाव तेवढे सारखे. रिॲक्टमध्ये वर्ग लिहिण्याची रीत शिकवणारे धडे फेब्रुवारी २०१९ नंतर जुने वाटू लागले. असंख्य धड्यांची पहिली पायरी असलेले ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या कर्त्यांनीच मावळतीला लावले. सहा महिन्यांत शिळा होणारा धडा विकत घेणारा मुलगा पहिल्याच पायरीवर अडखळतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या बाबतीत हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. त्रुटीचा संदेश इंग्रजीत असतो आणि तो धड्याच्या वयामुळे आला आहे हे सांगणारे शेजारी कुणी नसते.

मग टिकाऊ ते काय? याचे एक उत्तर मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत होते असे मानले जाई. ॲबेल्सन आणि ससमन यांचा प्रोग्रॅमिंगचा प्रास्ताविक पाठ स्कीम या छोट्या भाषेवर आधारलेला होता. त्यावरचे ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्राम्स’ हे पुस्तक १९८५ मध्ये आले. बाजारात स्कीमला फारशी मागणी कधीच नव्हती. विचारांची घडण शिकवावी, भाषा ओघाने येते, अशी ती भूमिका. २००० च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीने तो पाठ बंद करून पायथनवर आधारलेला दुसरा आणला. आजचा अभियंता सारे मुळापासून रचत नाही, इतरांनी केलेले तयार भाग चाचपून, त्यांचे वर्तन पारखून जोडतो, त्यामुळे शिक्षणही बदलले पाहिजे, अशा अर्थाचे कारण ससमनने दिले. अभिजाततेच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा पराभव वाटला.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक याने नेटस्केपसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना लिहिला. त्याला नेमले होते ते ब्राउझरात स्कीम आणण्यासाठी. वरिष्ठांना जावासारखे दिसणारे काहीतरी हवे होते म्हणून पेहराव जावाचा झाला, आत मात्र स्कीमचे काही संस्कार राहून गेले. ही घाईत जन्मलेली, अभ्यासकांनी दीर्घकाळ नाकारलेली भाषा वेबमुळे सर्वत्र पसरली. आणि २०२२ मध्ये एमआयटी प्रेसने त्याच अभिजात पुस्तकाची जावास्क्रिप्ट आवृत्ती काढली. मार्टिन हेन्झ आणि टोबियास रिगस्टाड यांनी केलेले ते रूपांतर आहे. ग्रंथ टिकला, त्याची बोली बदलली. संस्कृतातला ग्रंथ प्राकृतात यावा तसे काहीसे.

मांडणीच्या बाबतीतही असेच एक वळण आले. मार्च २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी जवळजवळ एकदमच सीएसएस ग्रिड स्वीकारली. तिच्यात पानाचा विचार ओळी आणि स्तंभ यांत करायचा असतो. तक्त्यांच्या काळात शिकलेल्या जुन्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटते, आणि ते रास्त आहे. त्याची दृष्टी बरोबर होती. ती मजकुराच्या खुणांत कोंबावी लागत होती एवढेच. आता ती नियमांच्या यादीत, आपल्या जागी आली आहे. ‘के’ योजनेच्या वर्गांत आज बसलेल्या मुलांपैकी काहींच्या आईवडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी रिकाम्या चौकटी मोजून आपले पहिले पान केले असेल. घरी त्या दोघांना एकमेकांच्या वह्या वाचता येतील.